‘दानधर्म (ऐच्छिक)’ : जकातीच्या एका चुकलेल्या हिशोबाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अशील मुस्लिम घाऊक व्यापारी, वय ५२. यंत्रांच्या सुट्या भागांचा स्वतःच्या मालकीचा धंदा. घरात पत्नी आणि १६ वर्षांचा मुलगा. फाइल एका वित्तीय सल्लागार कार्यालयाकडे पाच वर्षांहून अधिक काळ होती. ओळख पटू नये म्हणून चलनाचे नाव आणि ठिकाण गाळले आहे. आकडे बदलले आहेत, पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण तेच ठेवले आहे.

पहिल्याच बैठकीत अशिलाने सांगून ठेवले होते : जकात वेळच्या वेळी निघाली पाहिजे, बाकी गुंतवणूक कुठे करायची ते तुम्ही बघा. सल्लागाराने ते लिहूनही घेतले. माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर खर्चाची यादी होती : घरखर्च, शिक्षण, विमा, प्रवास. सर्वांत खालची ओळ होती ‘दानधर्म (ऐच्छिक)’. तिच्यापुढे त्याने लिहिले : ‘जकात, उत्पन्नाच्या २.५ टक्के’.

त्या एका ओळीत दर तेवढा बरोबर होता. जकात ऐच्छिक नाही. ती नमाज आणि रोजासारखीच फर्ज आहे. मनाला येईल तेव्हा आणि येईल तेवढे दिले जाते ते दान, म्हणजे सदका. आणि जकात उत्पन्नावर लागत नाही, ती निसाबाच्या, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेच्या, वर असलेल्या आणि चांद्रवर्ष पूर्ण झालेल्या संपत्तीवर लागते. मराठी कानाला ‘जकात’ म्हटले की आधी नाका आठवतो, पण दोन्हींचा हिशोब नेमका उलटा आहे. नाक्यावरची जकात माल हलला की लागायची. ही जकात संपत्ती वर्षभर जागेवर राहिली की लागते.

अडचण कशी उघडी पडली

जुना सल्लागार नोकरी सोडून गेला आणि फाइल नव्याकडे आली. रमजानला सहा आठवडे असताना वार्षिक आढावा झाला. त्यात अशिलानेच प्रश्न काढला : गेल्या साली धंदा मंदा होता, उत्पन्न घसरले आणि तुमच्या कागदावर जकातही घसरली. पण गोदामात माल तर तेवढाच पडून होता. मग ती कमी कशी झाली?

नव्या सल्लागाराने त्याच संध्याकाळी हिशोब उलटून पाहिला. या वर्षीचे निव्वळ उत्पन्न २४ लाख होते, म्हणून जुन्या पद्धतीने जकात ६०,००० निघत होती. उत्पन्न नव्हे तर संपत्ती, एवढे समजल्यावर त्याने घाईने राहते घर वगळून सगळी मालमत्ता मांडली, सगळी कर्जे वजा केली आणि उरलेल्या १ कोटी ९० लाख ८० हजारांवर २.५ टक्के काढले. आकडा आला ४,७७,०००.

आता टेबलावर दोन आकडे होते आणि दुसरा पहिल्याच्या जवळजवळ आठपट. इथे तो थांबला, आणि या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय तोच. अनेक सल्लागार दुसरा आकडा ‘जास्त सुरक्षित’ म्हणून पुढे सरकवतात. जास्त दिले तर बिघडले कुठे, असा विचार असतो. पण चुकीच्या पायावर काढलेली मोठी रक्कम पुढच्या वर्षीही चुकीचीच येते, आणि व्यापाऱ्याच्या हातातली रोकड विनाकारण आटते.

कोणते पर्याय होते

एक मार्ग होता जकातीचे काम अंगावरून झटकण्याचा : हा धार्मिक विषय आहे, तुमच्या मौलवींना विचारा. हा सल्ला वरवर सभ्य वाटतो, पण धार्मिक नियमांवर निर्णय देणाऱ्या मुफ्तींना ताळेबंद वाचून दाखवणार कोण? अशिलाकडे फंडाची विवरणपत्रे होती, पण त्यातले काय विचारायचे ते त्याला ठाऊक नव्हते.

दुसरा मार्ग होता इंटरनेटवरच्या जकात-गणकात आकडे भरण्याचा. गणक वाईट नसतात, पण ‘शेअर’ या एका चौकटीत दीर्घ मुदतीची गुंतवणूक आणि आठवड्याची खरेदी-विक्री एकत्र पडते. ‘कर्ज’ या चौकटीत नेमके काय भरायचे हेही बहुतेक वेळा स्पष्ट नसते.

तिसरा मार्ग कामाची वाटणी करण्याचा. मालमत्ता कोणती, कोणाची, कधी आणि कशासाठी घेतली, त्या दिवशीची किंमत किती, हे सल्लागाराने काढायचे. त्यातले जकातीला पात्र काय, हे अशिलाच्या मसलकचे, म्हणजे धार्मिक कायद्याच्या परंपरेचे, मुफ्ती सांगणार. गुणाकार पुन्हा सल्लागाराचा. हा मार्ग निवडला गेला.

मुफ्तींना गेलेले टिपण दोन पानांचे होते. प्रत्येक मालमत्तेपुढे तीन गोष्टी : मालक कोण, खरेदीच्या वेळी हेतू काय होता, आज हात घातला तर पैसे मिळतात का. वित्तीय फाइलमध्ये हेतू कोणी लिहीत नाही. जकातीत तोच निकाल फिरवतो.

तारखेचा प्रश्न

अशील पहिल्यांदा निसाबाचा मालक कधी झाला ते त्याला आठवत नव्हते. जुन्या सल्लागाराने जकात आर्थिक वर्षाच्या शेवटी धरली होती, कारण संगणकप्रणाली तेव्हाच अहवाल काढायची. चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. सौर तारखेला चिकटून राहिले तर सुमारे ३३ वर्षांत एक पूर्ण जकात बुडते. सौर वर्षच पाळायचे असेल तर दर २.५ ऐवजी सुमारे २.५७७ टक्के धरायला अनेक जाणकार सांगतात. मुफ्तींनी अंदाजाने एक हिजरी तारीख पक्की करायला सांगितले आणि अशिलाने १ रमजान निवडली. रमजानमध्येच जकात द्यावी अशी अट नाही. पुष्कळ लोक अधिक पुण्यासाठी तो महिना निवडतात, एवढेच. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, तेव्हा शिल्लक कोणत्या संध्याकाळची धरायची हेही टिपणात लिहून ठेवले.

इथे आणखी एक गैरसमज निघाला. तारखेच्या दोन महिने आधी अशिलाच्या खात्यात ८ लाख आले होते. त्यांना वर्ष झालेले नाही म्हणून ते वगळावेत, असे नव्या सल्लागाराचे म्हणणे होते. अशील हनफी मसलकचा, आणि हनफी मतानुसार वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब असला की पुरे. मधे आलेला पैसा त्याच वर्षात मिसळतो. प्रत्येक ठेवीचे वेगळे वर्ष मोजत बसायचे नसते.

प्रत्यक्ष हिशोब

रोख आणि बँकेत १४ लाख, त्यात साठलेले भाडेही आले. ज्या सदनिकेचे भाडे येते तिची ८० लाख किंमत मात्र हिशोबात नाही, कारण ती विकण्यासाठी घेतलेली नव्हती.

गोदामातला माल पुस्तकात खरेदी दराने ३६ लाख होता. जकातीला खरेदी दर चालत नाही, त्या दिवशीचा बाजारभाव लागतो, आणि घाऊक व्यापाऱ्याला घाऊक विक्रीचा. तो ४१ लाख भरला. जुन्या यंत्रांचे काही भाग पुस्तकात शून्य केलेले होते. ते भंगारात ज्या भावाने जातील त्या भावाने धरले.

येणी १५ लाख. त्यातली १२ लाख खात्रीची. उरलेले ३ लाख देणारा दोन वर्षे टाळाटाळ करत होता. ती रक्कम हातात येईल तेव्हा पाहू, असे ठरले.

भूखंडावर सगळ्यांनी ठेच खाल्ली. फाइलमध्ये नोंद होती ‘स्थावर, दीर्घकालीन’. अशिलाला विचारल्यावर तो म्हणाला, भाव आला की काढायचा म्हणूनच घेतला. म्हणजे तो व्यापारी माल झाला, आणि त्याचा पूर्ण बाजारभाव, १८ लाख, दर वर्षी जकातीत यायला हवा होता. घेताना असा पक्का हेतू नसता तर विकून पैसा हाती येईपर्यंत काहीच लागले नसते. एकाच जमिनीची दोन उत्तरे, आणि फरक फक्त मालकाच्या मनातला.

समभाग फंडात ६० लाख होते, दीर्घ मुदतीसाठी. इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ च्या जेद्दाह अधिवेशनात शेअरच्या जकातीवर ठराव केला. व्यापारासाठी घेतलेल्या शेअरचा पूर्ण बाजारभाव धरायचा. लाभांशासाठी ठेवलेल्यांच्या बाबतीत कंपनीच्या जकातपात्र मालमत्तेतला आपला वाटा काढता आला तर तो धरायचा. कंपनीची रोकड, येणी आणि माल जकातपात्र, तर कारखाना आणि यंत्रे नाहीत. सल्लागाराने फंडातल्या मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद उघडून हे प्रमाण काढले, ते २८ टक्के आले : १६.८ लाख. एवढी उस्तवार करायची नसेल तर काही जण २५ किंवा ३० टक्क्यांचा ठोकताळा वापरतात. खरेदी-विक्रीच्या खात्यातले ५ लाखांचे शेअर मात्र पूर्ण धरले.

निवृत्तिवेतनाच्या खात्यातल्या २२ लाखांना मुदतीआधी हात लावता येत नव्हता, म्हणून मुफ्तींनी ते वगळायला सांगितले. या मुद्द्यावर विद्वानांत एकमत नाही, आणि हव्या त्या क्षणी काढता येणारे खाते असते तर उत्तर वेगळे आले असते.

एकूण १०६.८ लाख. वजा काय करायचे? पुरवठादारांचे १३ लाख, कर आणि पगाराचे थकलेले १.२ लाख. घरकर्ज ४५ लाखांचे बाकी होते, पण येत्या वर्षात देय असलेले मुद्दलाचे हप्ते तेवढे वजा केले : ३.८ लाख. पूर्ण कर्ज वजा केले तर मोठे घरकर्ज काढणारा कायम जकातमुक्त राहतो. म्हणून आजच्या अनेक हनफी मुफ्तींचे मत एका वर्षाच्या हप्त्यांपुरते आहे. निव्वळ ८८.८ लाख, जकात २,२२,०००. अशील शाफई असता तर त्या मसलकच्या प्रचलित मतानुसार कर्जे वजाच झाली नसती आणि जकात २,६७,००० झाली असती. मसलक कोणता, हे माहितीपत्रकात कुठेच विचारलेले नव्हते.

मागली पाच वर्षे

इथे कार्यालयात मतभेद झाला. झाले ते झाले, या वर्षीपासून नीट करू, असे वरिष्ठांचे मत होते. अशिलाने ते मान्य केले नाही, आणि त्याचे बरोबर होते. न दिलेली जकात माफ होत नाही, ती देणे म्हणून डोक्यावर राहते.

जुने हिशोब लावताना पहिली चूक लगेच झाली. कर्मचाऱ्याने पाचही वर्षांसाठी तीच सौर तारीख धरली. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो, म्हणजे सर्वांत जुन्या वर्षी तारीख जवळजवळ दोन महिने चुकली होती, आणि नेमक्या त्या दिवसांत पुरवठादाराला मोठी रक्कम गेली होती. पाचही तारखा हिजरी दिनदर्शिकेवरून पुन्हा काढल्या. बँकेची शिल्लक आणि फंडाचे मूल्य सरळ मिळाले. मालाचा साठा खरेदी-विक्रीच्या नोंदींवरून उलटा मोजला.

प्रत्येक वर्षात आधीची थकबाकी देणे म्हणून वजा करत गेल्यावर पाच वर्षांची जकात अशी आली : १,३८,०००, १,५२,०००, १,७१,०००, १,८८,००० आणि २,०६,०००. बेरीज ८,५५,०००.

या काळात ‘जकात’ या नावाखाली २,६०,००० गेले होते. ते सगळे जमेस धरायचे का? पावत्या काढल्यावर दिसले की ६९,००० इमारतींच्या बांधकामाला गेले होते. हनफी मतानुसार जकात गरजूच्या मालकीत पडावी लागते, आणि भिंत काही कोणाच्या मालकीत पडत नाही. आणखी २१,००० हे बचत खात्यावरचे व्याज होते. ते जुन्या सल्लागाराने ‘तसेही देऊनच टाकायचे आहे’ म्हणून जकातीत मोजले होते. व्याज जवळ ठेवायचे नसते हे खरे, पण ते पूर्ण काढून टाकायचे असते. त्याने जकात फिटत नाही. उरले १,७०,०००, म्हणून थकबाकी ६,८५,०००.

आता ही थकबाकीही या वर्षीच्या संपत्तीतून वजा होणार. ८८.८ लाखांतून ६.८५ लाख गेले, ८१.९५ लाख उरले, आणि या वर्षीची जकात २,२२,००० वरून २,०४,८७५ वर आली. एकूण देणे ८,८९,८७५.

पत्नी आणि मुलगा

कार्यालयाचा अहवाल ‘कुटुंब’ या एकाच मथळ्याखाली निघत असे. जकात मात्र माणसागणिक लागते. पत्नीच्या कपाटात ३२० ग्रॅम सोने होते, त्यात ९० ग्रॅमची बिस्किटे. ती नवऱ्याने आणलेली, म्हणून कोणाची? नवऱ्याने स्पष्ट सांगितले, मी तिला देऊन टाकली. म्हणजे तिची. पत्नी शाफई घरातली आणि त्याच मसलकवर चालणारी. त्या मतानुसार नेहमीच्या वापरातले दागिने, उधळपट्टीइतके नसतील तर, जकातीतून मोकळे. हनफी असती तर सगळे ३२० ग्रॅम मोजले असते. बिस्किटे दागिना नव्हेत, आणि ९० ग्रॅम हे सोन्याच्या ८५ ग्रॅमच्या निसाबाच्या वर. जकात २.२५ ग्रॅम सोने किंवा त्याची किंमत.

मुलाच्या खात्यात आजीने दिलेले ४ लाख होते. फाइलमध्ये तो ‘अज्ञान’, कारण वय १८ च्या आत. हनफी मतात नाबालिगाच्या पैशावर जकात नाही, म्हणून सल्लागाराने ते खाते बाजूला ठेवले. पण इथे कायद्यातले सज्ञान होण्याचे वय लागू नाही. १६ वर्षांचा मुलगा शरियतच्या दृष्टीने बालिग. त्यात पुन्हा ४ लाख ही रक्कम चांदीच्या निसाबाच्या, म्हणजे सुमारे ५९५ ग्रॅम चांदीच्या वर होती, पण सोन्याच्या निसाबाच्या खाली. दोन्ही वजने जुन्या मापांवरून आलेली आहेत, आणि काही ठिकाणी ६१२ आणि ८७ ग्रॅमच्या आसपास धरतात. रोख रकमेला चांदीचा निसाब लावा, असे मुफ्तींनी सांगितले, कारण त्यात गरजूचे हित आहे. जकात १०,०००.

पैसा उभा कसा केला

बँकेत १४ लाख होते, पण त्यातले १३ लाख पुरवठादारांचे. वर्षभरापूर्वी कार्यालयाने अशिलाचे २० लाख तीन वर्षांच्या बंद मुदतीच्या फंडात टाकले होते. जकातीचा आकडा आणि तारीख ठाऊक असती तर तसे केले नसते. व्याजी कर्ज हा पर्याय चर्चेलाही आला नाही. माल थेट वाटता येतो का, असे अशिलाने विचारले. हनफी मतात तसे चालते, पण यंत्राचे सुटे भाग घेऊन गरजू काय करणार?

शेवटी खरेदी-विक्रीच्या खात्यातले ५ लाखांचे शेअर विकले. या वर्षीचे २,०४,८७५ आणि थकबाकीतले १,८५,००० तारखेलाच दिले. उरलेल्या ५ लाखांसाठी महिना ५०,००० असे दहा हप्ते. हप्ते पाडण्यापूर्वी मुफ्तींना विचारले गेले. जमत असताना उशीर करू नये, भूखंड विकला की उरलेले एकदम द्यावे, असे उत्तर आले. प्रत्येक हप्ता वेगळ्या खात्यातून गेला आणि प्रत्येक वेळी जकातीची नियत अशिलाने स्वतः केली. कुठे पाठवायचे हेही त्यानेच ठरवले. कुराणाच्या सूरा तौबामधली साठावी आयत हक्कदारांचे आठ वर्ग सांगते. आईवडील, मुले, नातवंडे त्यात बसत नाहीत. त्याने सुचवलेल्या नावांत एक विवाहित मुलगी होती, ते नाव काढावे लागले. गरजू भावाचे नाव राहिले.

परिणाम

सातव्या महिन्यात भूखंड विकला गेला आणि तोवर उरलेले २ लाख एकदम फिटले. पुढच्या वर्षीच्या जकातीपोटी आता महिना १८,००० आगाऊ जातात आणि १ रमजानला बाकी जुळवली जाते. आगाऊ देणे हनफी मतात चालते. अशिलाने फाइल हलवली नाही, पण नवी गुंतवणूक मात्र दुसरीकडे सुरू केली. सल्लागाराने कारण विचारले नाही. विचारायला हवे होते.

काय वेगळे करता आले असते

बंद मुदतीचा फंड सुचवण्यापूर्वी ‘तुमची जकातीची तारीख कोणती?’ एवढे विचारले असते तर निम्मा ताण टळला असता. वर्षाकाठी दोन लाखांचे ठरलेले देणे असलेल्या माणसाची रोकड-गरज वेगळी असते, मग ते देणे कर असो वा जकात.

पंथ आणि मसलक पहिल्या बैठकीत विचारायला संकोच वाटतो, पण तो टाळण्यात सौजन्य नाही. हाच अशील शिया जाफरी असता तर वरचा जवळजवळ सगळा हिशोब गैरलागू ठरला असता. तिथे जकात मुख्यतः नऊ ठरावीक गोष्टींवर लागते, आणि वर्षाच्या खर्चातून उरलेल्या उत्पन्नावर २० टक्के खुम्स असतो.

मुफ्तींचे उत्तर तोंडी घेण्यातही चूक झाली. निवृत्तिवेतनाबद्दल ते काय म्हणाले होते यावर दोन महिन्यांनी अशील आणि सल्लागार यांची आठवण वेगळी निघाली आणि पुन्हा विचारावे लागले. आता उत्तर लेखी मागवले जाते आणि तारखेसह फाइलला लागते.

माहितीपत्रकातली ती ओळ खर्चाच्या पानावरून काढून देण्यांच्या पानावर गेली आहे, घरकर्जाच्या लगेच खाली. तिच्यापुढे पाच चौकटी आहेत : कोणाची, मसलक, हिजरी तारीख, मुफ्तींचे लेखी उत्तर, मागील बाकी. ‘दानधर्म (ऐच्छिक)’ हा रकाना जुन्या जागीच आहे, सदक्यासाठी.